स्नेक ते ॲप स्टोअर: मधल्या दहा वर्षांत पैसे कोण वसूल करत होते?

दादरच्या एका महाविद्यालयात माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी मला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा: मोबाइल गेम्सचा इतिहास सांगताना सगळे 1997 च्या स्नेकवरून थेट 2008 च्या ॲप स्टोअरवर उडी मारतात आणि मधल्या काळात हा व्यवसाय वाढला नाही तो तंत्रज्ञान तोकडे होते म्हणून, असे सांगून मोकळे होतात, त्या काळात मुंबईत हेच काम केलेल्या माणसाला हे पटते का? दुसरा प्रश्न साधा आहे: ते गेम आज कुठे पाहायला मिळतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निम्मे होकारार्थी आहे. तंत्रज्ञान तोकडे होते यात शंका नाही आणि त्याचे किस्से मी पुढे सांगणारच आहे. पण धंद्याची वाढ त्यामुळे अडली नाही. ती अडली, आणि मुळात शक्यही झाली, ती एकाच गोष्टीमुळे: लोकांच्या खिशातले दहा-वीस-पन्नास रुपये वसूल करण्याची सोय देशात फक्त मोबाइल ऑपरेटरकडे होती. ज्याच्या हाती वसुली त्याच्या हाती दुकान, आणि ज्याच्या हाती दुकान त्यानेच गेम कसा असावा हेही ठरवले. 2002 च्या अखेरीस अंधेरी पूर्वेच्या एका छोट्या कंपनीत मी जावा या संगणकभाषेची प्रोग्रॅमर म्हणून लागले, पुढे तिथेच गेमची निर्मिती आणि ऑपरेटरशी व्यवहार या दोन्ही बाजू सांभाळल्या आणि 2010 पर्यंत त्याच क्षेत्रात होते. तेव्हा मी जे लिहिते आहे ते कोड लिहिणारीचे आहे आणि थकलेली बिले मागण्यासाठी फोन करणारीचेही आहे.

स्नेकचा मान काढून घेण्याचा माझा हेतू नाही. नोकियाच्या 6110 या हँडसेटवर 1997 साली तो आला, टानेली आर्मान्टो या नोकियाच्याच अभियंत्याने तो लिहिला होता, आणि इन्फ्रारेडने दोन फोन जोडून दोघांना खेळण्याची सोयही त्यात होती, हे आज फार थोड्यांना आठवते. त्याआधी 1994 मध्ये हागेनुक कंपनीच्या एका फोनवर टेट्रिस होताच. परंतु हे गेम फोनबरोबर फुकट येत होते. नोकियाने स्नेक विकला नाही, फोन विकला. 84 गुणिले 48 ठिपक्यांच्या काळ्या-हिरव्या पडद्यावर अंगठा चालवण्याची सवय स्नेकने लावली. त्या सवयीचे पैसे कोणी कसे घ्यायचे हा प्रश्न त्याने शिल्लक ठेवला. इतिहासकार जिथून उडी मारतात तिथेच खरा धंदा सुरू होतो.

भारतापुरते बोलायचे तर सुरुवात उशिरा झाली, कारण फोन हीच मुळात जपून वापरायची वस्तू होती. मुंबईत 1995 पासून मॅक्सटच आणि बीपीएल या दोन कंपन्या सेवा देत होत्या, पण 2003 च्या मे महिन्यापर्यंत आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. मिस्ड कॉल देऊन काम भागवणारा माणूस गेमवर बॅलन्स घालवणार नव्हता. म्हणून पहिली कमाई एसएमएसमधून आली. चार आकडी शॉर्टकोडवर उत्तर पाठवायचे, क्रिकेटचा प्रश्न सोडवायचा, टीव्हीवरच्या स्पर्धेत भाग घ्यायचा. त्यातला 7827 हा कोड म्हणजे फोनच्या बटणांवर ‘स्टार’ या नावाची इंग्रजी अक्षरे होती. त्याला गेम म्हणायचे की लॉटरी, यावर आमच्या ऑफिसात वाद होत असे. पण एका साध्या एसएमएसला नेहमीपेक्षा जास्त दर लावता येतो आणि तो दर ग्राहकाच्या बिलातून किंवा प्रीपेड बॅलन्समधून आपोआप वळता होतो, हा शोध सर्वांना एकदमच लागला. पुढची दहा वर्षे सगळी त्यावर चालली.

खरा गेम विकता येऊ लागला तो जावामुळे. 2002-03 च्या सुमारास रंगीत पडद्याचे आणि जावा चालवणारे हँडसेट मुंबईच्या बाजारात दिसू लागले. नोकियाच्या 7210 आणि 6610 वर पडदा 128 गुणिले 128 ठिपक्यांचा होता आणि संपूर्ण गेम, म्हणजे कोड, चित्रे, आवाज आणि मजकूर मिळून, 64 किलोबाइटच्या फाइलमध्ये बसवावा लागे. आज व्हॉट्सॲपवर आलेला ‘शुभ सकाळ’चा फोटोही याहून मोठा असतो. गेम चालत असताना मिळणारी स्मृती सुमारे 200 किलोबाइट. पडद्याएवढे एकच पार्श्वचित्र उघडले की प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट या हिशेबाने 32 किलोबाइट एका फटक्यात खर्च. म्हणून मैदान कधी एका चित्रात काढायचे नाही. गवताचा एक छोटा चौकोन घ्यायचा आणि फरशी बसवावी तसा तोच पुन्हा पुन्हा मांडायचा.

माझ्या वाट्याला आलेले पहिले मोठे काम म्हणजे 2003 च्या विश्वचषकानंतर बनवायला घेतलेला एक क्रिकेटचा गेम. त्या जावामध्ये दशांश संख्यांचे गणितच नव्हते. चेंडूचा टप्पा आणि उसळी पूर्णांकांत मोजायची, म्हणजे प्रत्येक संख्या आधी 256 पटींनी वाढवायची, सगळी आकडेमोड करायची आणि पडद्यावर ठिपका उमटवण्याच्या क्षणी परत 256 ने भागायचे. कोनांची सारणी आधीच तयार करून कोडमध्ये ठेवलेली. हे सगळे जमले, तरी पहिली फाइल 71 किलोबाइटची झाली. सात किलोबाइट कमी करायला आम्हाला नऊ दिवस लागले. त्यातले जवळजवळ साडेचार किलोबाइट एका युक्तीने सुटले, ती सांगते, कारण त्या काळातले काम म्हणजे काय हे त्यातून कळेल. आमच्याकडे फलंदाज, गोलंदाज आणि क्षेत्ररक्षक यांची मिळून चाळीस वेगवेगळी पीएनजी (चित्राच्या फाइलीचा एक प्रकार) चित्रे होती. सोळा रंगांच्या प्रत्येक पीएनजी फाइलला तिची ओळख, लांबी-रुंदी, रंगांची यादी आणि शेवटची खूण एवढ्यासाठीच 117 बाइट लागतात, मग आत चित्र केवढेही असो. चाळीस चित्रे एकाच लांब पट्टीत शेजारी शेजारी चिकटवली की 39 वेळचा तो खर्च वाचला. मग त्या पट्टीपुढे छोटी खिडकी ठेवायची आणि पट्टी मागून सरकवत हवा तेवढाच फलंदाज दाखवायचा.

याच गेममध्ये एकही फलंदाज डावखुरा नव्हता. संघात गांगुली होता, युवराज होता, पण आमच्या पडद्यावर सगळे उजव्याच हाताने खेळत. कारण सुरुवातीच्या जावामध्ये चित्र आरशातल्यासारखे उलटे करून दाखवण्याची सोय नव्हती. नोकियाने स्वतःच्या फोनसाठी ती वेगळी दिली होती, इतरांच्या फोनवर ती नव्हती, आणि उलट्या चित्रांची दुसरी पट्टी घालायला किलोबाइट शिल्लक नव्हते. एका ऑपरेटरच्या प्रतिनिधीने बैठकीत विचारले, ‘मॅडम, दादा उजव्या हाताने का खेळतोय?’ त्याला पीएनजीच्या 117 बाइटांची गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही खेळाडूंची नावेच काढून टाकली.

तंत्रज्ञानाची याहून मोठी डोकेदुखी हँडसेटच्या संख्येची होती. एकच गेम 128 गुणिले 128 च्या पडद्यावर, सोनी एरिक्सनच्या 128 गुणिले 160 च्या पडद्यावर, नोकिया 3650 आणि 6600 च्या 176 गुणिले 208 च्या पडद्यावर, असा नव्याने मांडावा लागे. बटणांचे आकडे वेगळे, आवाजाची पद्धत वेगळी, फोन आल्यावर गेम थांबवण्याची वागणूक वेगळी. यालाच आम्ही पोर्टिंग म्हणत असू. संगणकावर फोनची नक्कल करणारा एम्युलेटर गेम नीट चालतो असे सांगे आणि प्रत्यक्ष फोन तिसऱ्या मिनिटाला बंद पडे, म्हणून खरे हँडसेट विकत घेण्याला पर्याय नव्हता. आमच्या ऑफिसात त्यासाठी कुलूप लावलेले एक गोदरेजचे कपाट होते आणि फोन कोणी नेला, कधी परत केला याची वही होती. नवे मॉडेल भारतात अधिकृतपणे येण्याआधी हवे असेल तर आमचा एक सहकारी हाजीअलीच्या हिरा पन्ना बाजारात जाऊन घासाघीस करून ते घेऊन येई. गेम बनवायला सहा आठवडे आणि त्याच्या साठ-सत्तर आवृत्त्या काढायला पुन्हा तेवढेच, असा साधारण हिशेब होता. भारतातल्या अनेक स्टुडिओंनी याच कंटाळवाण्या कामावर तग धरला; युरोप-अमेरिकेतल्या प्रकाशकांचे गेम आम्ही पोर्ट करून देत होतो आणि त्या पैशातून स्वतःचे गेम बनवण्याची हौस भागवत होतो.

इथपर्यंत वाचून तंत्रज्ञानच आड आले असे वाटेल. पण एन-गेज पाहा. नोकियाने 2003 च्या ऑक्टोबरमध्ये खास गेमसाठी हा फोन आणला. त्याची ताकद आमच्या 64 किलोबाइटवाल्या फोनपेक्षा कितीतरी जास्त होती, गेमही मोठमोठे होते, तरी तो चालला नाही. महागडा होता, गेमचे कार्ड बदलायला मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे, आणि गेम घ्यायला दुकानात जावे लागे. त्याच सुमारास लोक साध्या फोनवर पाच बटणांचे गेम घेत होते, कारण ते फोनवरूनच घेता येत होते.

घेता येत होते ते मात्र सगळ्यांना नाही. 2004 साली देशातल्या मोबाइल जोडण्यांनी लँडलाइनला मागे टाकले आणि गुंतवणूकदार आमच्याकडे येऊ लागले. प्रत्येकाच्या सादरीकरणात वर चढत जाणारी एक रेघ असे: इतके कोटी ग्राहक, त्यातल्या शंभरातल्या दोघांनी गेम घेतला तरी इतके कोटी रुपये. त्या रेघेत एक खोट होती. ग्राहकांची ही गर्दी ज्या फोनमुळे वाढत होती तो नोकिया 1100 होता: टॉर्चवाला, धूळ खाऊनही चालणारा, जगभरात 25 कोटींहून जास्त खपलेला. त्यात स्नेक होता, पण जावा नव्हते. म्हणजे आमचा एकही गेम त्या फोनवर कधीही जाणार नव्हता. मी ही गोष्ट बैठकीत दोनदा बोलून दाखवली आणि दोन्ही वेळा विषय बदलला गेला.

अपवाद होता रिलायन्सचा. 28 डिसेंबर 2002 रोजी त्यांची सीडीएमए या वेगळ्या तंत्रावरची मोबाइल सेवा जाहीर झाली, पुढच्या पावसाळ्यात 501 रुपये भरून फोन घरी न्या अशी योजना आली आणि डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या वॉचमनकडेही तो फोन दिसू लागला. त्यांच्या स्वस्त हँडसेटवरही ‘आर वर्ल्ड’ नावाचे दालन आणि जावा आधीपासूनच होते. जीपीआरएसची, म्हणजे फोनवरच्या इंटरनेटची, सेटिंग मागवा, ती एसएमएसने येण्याची वाट पाहा, पिन टाका, फोन बंद करून चालू करा, हा जो द्राविडी प्राणायाम जीएसएमच्या, म्हणजे इतर बहुतेक कंपन्यांच्या, ग्राहकाला करावा लागे, तो इथे नव्हता. साध्या माणसाने गेम डाउनलोड केलेला मी प्रथम त्याच फोनवर पाहिला.

आता पैशाकडे येते. ऑपरेटरला शिव्या देण्याची आमच्या क्षेत्रात रीतच आहे आणि त्यातल्या बऱ्याच त्यांनी कमावलेल्याही आहेत. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. 2003 साली भारतात क्रेडिट कार्ड असणारे मूठभर होते आणि ज्यांच्याकडे होते ते पन्नास रुपयांसाठी त्याचा नंबर कुठे देणार नव्हते. प्रीपेड बॅलन्स मात्र सगळ्यांकडे होता. पानाच्या टपरीवर रोख पैसे देऊन रिचार्ज घ्यायचे आणि त्यातून गेमचे पैसे कापले जायचे, ही व्यवस्था नसती तर आमचा धंदा जन्मालाच आला नसता. छोट्या रकमा कोट्यवधी लोकांकडून रोखीने गोळा करणारे जाळे दुसऱ्या कोणी उभे केलेले नव्हते.

त्या सोयीची किंमत मात्र जबर होती. पन्नास रुपयांच्या गेममधले तीस ते पस्तीस रुपये ऑपरेटर ठेवत असे. उरलेल्यातून आमच्यात आणि ऑपरेटरमध्ये दुवा असणाऱ्या कंपनीचा हिस्सा, चित्रपटाचे किंवा खेळाडूचे नाव वापरले असेल तर त्याचे मानधन, आणि मग आमचे जे काही सात-आठ रुपये असतील ते. तेही चार-सहा महिन्यांनी. जपानमध्ये डोकोमो या मोबाइल कंपनीच्या आय-मोड या इंटरनेट सेवेवर 1999 पासून हीच वसुली ऑपरेटरच करत होता, पण तो त्यासाठी फक्त 9 टक्के ठेवत असे. तंत्रज्ञान म्हणाल तर पहिल्या काही वर्षांत तिथल्या आणि इथल्या फोनमध्ये पिढीचा फरक होता हे खरे; परंतु जपानी स्टुडिओंना शंभरातले एक्क्याण्णव मिळत होते म्हणून ते दुसरा, तिसरा, दहावा गेम बनवू शकले, आणि आम्ही पहिल्याचीच बिले मागत बसलो. विद्यार्थ्याने प्रकल्पात एकच तुलना करायची असेल तर ती पडद्याच्या ठिपक्यांची न करता या दोन आकड्यांची करावी.

वाट्यापेक्षाही मोठा परिणाम दुकानाच्या फळीचा झाला. गेम विकला जाई तो ऑपरेटरच्या वॅप पानावर, म्हणजे साध्या फोनसाठीच्या त्रोटक इंटरनेट पानावर. जुन्या हँडसेटवर अशा एका पानाला सुमारे 1.4 किलोबाइटची मर्यादा होती. तेवढ्यात चित्र बसत नाही, वर्णन बसत नाही. आठ-दहा नावे बसतात, तीही त्रोटक. गिऱ्हाईक नावावर बोट ठेवून पैसे देणार आणि मग गेम कसा आहे ते पाहणार. अशा दुकानात चांगला गेम कसा खपणार? खपते ते ओळखीचे नाव. म्हणून मुंबईतल्या स्टुडिओंनी आपली ताकद चित्रपटांची आणि क्रिकेटपटूंची नावे मिळवण्यावर लावली. इथे आमचा एक फायदाही होता. निर्मात्यांची ऑफिसे अंधेरी-जुहूत, आमची ऑफिसे तिथून रिक्षाच्या अंतरावर. चित्रपट शुक्रवारी लागणार, गेम त्याच दिवशी पहिल्या पानावर हवा आणि चित्रपट सोमवारी पडला तर गेमही मंगळवारी खाली. सहा आठवड्यांत नवा खेळ विचार करून घडवणे शक्य नव्हते. मग जुन्याच गेमला नवे कपडे चढवायचे: मोटारसायकलच्या शर्यतीतला स्वार बदलला की झाला नव्या चित्रपटाचा गेम. एकाच शर्यतीला मी तीन वर्षांत पाच नावांनी बाजारात पाठवले आहे. याचा अभिमान नाही, पण पाचही वेळा ते खपले आणि खरोखर मेहनत घेतलेला एक कोड्यांचा गेम, ज्याला कोणा नटाचे नाव नव्हते, तो महिनाभरात यादीतून दिसेनासा झाला.

याच व्यवस्थेत ग्राहक कसा भरडला जाई, याचा एक प्रसंग. ठाण्याहून सुटणाऱ्या जलद लोकलमध्ये रोज संध्याकाळी काही प्रवासी गेम डाउनलोड करायला घेत आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की नेटवर्क जाई. साठ किलोबाइटला कागदावर पंधरा-वीस सेकंद लागायला हवेत, प्रत्यक्षात मिनिट-दीड मिनिट लागे. बोगद्यात तुटलेले डाउनलोड पुन्हा सुरू होत नसे, पण पैसे कापले गेलेले असत. जावाच्या नियमांत यावर उत्तर होते. गेम फोनवर नीट बसला की फोन आमच्या सर्व्हरला 900 हा आकडा कळवत असे; तो आला तरच पैसे कापावेत, अशी ती कल्पना. आम्ही ही नोंद ठेवत होतो. एका ऑपरेटरच्या यंत्रणेत मात्र दुव्यावर बोट पडताच रक्कम कापली जाई. तक्रार घेऊन ग्राहक त्यांच्या केंद्रात फोन करी तेव्हा ‘गेम देणाऱ्या कंपनीला विचारा’ असे उत्तर मिळे, आणि आमच्याकडे पैसे परत करण्याची काही सोयच नव्हती. महिनाअखेरीस आमच्याकडच्या 900 च्या नोंदी आणि त्यांच्या अहवालातली विक्री यांचा मेळ कधी बसला नाही. अहवालातला आकडा नेहमी लहान असे आणि करारानुसार तोच खरा धरायचा होता. एकदा माझ्याच शेजारी उभ्या असलेल्या मुलीचे पन्नास रुपये असे बोगद्यात गेले. गेम आमचाच होता. मी ओळख दिली नाही.

लोकल हीच आमची खरी प्रयोगशाळा होती, हेही इथेच सांगते. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, चालतो तो एकच अंगठा. डब्यात उभे राहून पाहिले की कळायचे की दोन बटणे एकदम दाबायला लावणारा गेम इथे मेला. तसेही बरेच फोन एकावेळी एकच बटण ओळखत. घाटकोपर ते कुर्ला एवढ्या वेळात एक डाव संपला पाहिजे, स्टेशन आले की गेम थांबवता आला पाहिजे, आणि आवाज नसला तरी गंमत जाता कामा नये. आमच्या क्रिकेटच्या गेममधला डाव पाच षटकांवरून दोन षटकांवर आणला तो महिलांच्या डब्यातले खेळणे पाहून. स्त्रिया गेम खेळत नाहीत हे वाक्य मी त्या काळात प्रत्येक बैठकीत ऐकले. ते म्हणणारे सगळे पुरुष होते आणि पहिल्या वर्गातून किंवा स्वतःच्या मोटारीतून येत होते.

2005-06 नंतर फोनला मेमरी कार्ड आणि ब्लूटूथ आले आणि आमच्या दुकानाला समांतर दुकान उभे राहिले. डोंबिवली स्टेशनबाहेर फोन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मी कव्हर बदलायला गेले होते. दुकानदार म्हणाला, ‘ताई, कार्ड भरून देऊ का? तीस रुपयांत शंभर गेम, गाणी वेगळी.’ यादी दाखव म्हटले तर त्यात आमचे चार गेम होते, आणि त्याच्या यादीत प्रत्येक गेमचे चित्र होते, कोणत्या फोनवर चालतो ते लिहिलेले होते, शिवाय घेण्याआधी तो खेळून पाहू देत होता. अधिकृत दुकानात यातले काहीच नव्हते. चोरीचे समर्थन मी करणार नाही, त्या शंभर गेमांचा एक पैसाही बनवणाऱ्याला मिळत नव्हता. पण दुकान कसे असावे हे ऑपरेटरच्या पगारी माणसांपेक्षा त्याला जास्त कळत होते, हेही तितकेच खरे.

या सगळ्यातून मुंबईत काही कंपन्या मोठ्या झाल्या. विशाल गोंडल यांची इंडियागेम्स 1999 मध्ये सुरू झाली, पुढे ती यूटीव्हीकडे आणि नंतर डिस्नेकडे गेली. नितीश मित्तरसेन यांची नझारा त्याच सुमाराची. ती 2021 मध्ये शेअर बाजारात आली. ज्या टिकल्या त्यांचे गेम बाकीच्यांपेक्षा फार सरस होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी नावांचे हक्क आणि ऑपरेटरशी संबंध दोन्ही सांभाळले, आणि देशाबाहेरचे ऑपरेटरही जोडले.

10 जुलै 2008 रोजी ॲपलचे दुकान उघडले. विक्रीतले 30 टक्के ते ठेवणार आणि 70 बनवणाऱ्याला, हा आकडा आमच्या ऑफिसात कोणीतरी फळ्यावर लिहिला आणि खाली आमचा जुना आकडा लिहिला. दोन्ही बराच काळ पुसले गेले नाहीत. त्यात चित्रे होती, परीक्षणे होती, एकाच मापाचा पडदा होता. पोर्टिंगचे कपाट तिथे निकामी झाले. पण भारतात त्या दुकानाने लगेच काही बदलले नाही, आणि पुन्हा कारण तेच: पैसे द्यायला क्रेडिट कार्ड हवे होते. म्हणून इथे 2008 नंतरही चार-पाच वर्षे ऑपरेटरची वसुली चालूच राहिली, आणि हा काळ सर्वांत वाईट होता. एकेका गेमऐवजी ‘गेम क्लब’ आले: महिन्याला तीस रुपये आपोआप कापायचे. चुकून दाबले गेलेले एक बटण, एखादा फसवा मेसेज, आणि ग्राहक सभासद. शेवटी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2013 मध्ये दोनदा होकार घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येणार नाही असा निर्देश दिला, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या अनेक कंपन्यांचे उत्पन्न झपाट्याने घसरले. मी तोपर्यंत बाहेर पडले होते, पण त्या पैशाची सवय आम्हीच लावली होती, तेव्हा नामानिराळे राहता येत नाही. 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, गेम फुकट झाला आणि कमाई जाहिरातींतून येऊ लागली. म्हणजे ग्राहकाकडून पन्नास रुपये वसूल करण्याचा प्रश्न आपण सोडवला असे नाही. तो बराच काळ बाजूला ठेवला.

आता दुसरा प्रश्न. ऑपरेटरची जुनी वॅप पाने बंद झाली आहेत. अनेक स्टुडिओंनी आपल्या फाइली जपल्या नाहीत. आमच्या कंपनीने जागा बदलली तेव्हा कपाटातले हँडसेट भंगारात गेले आणि जुना सर्व्हर कुठे गेला ते कोणी विचारले नाही. माझ्याकडे त्या क्रिकेटच्या गेमची एकही प्रत नव्हती. आज जुने जावा गेम अँड्रॉइड फोनवर चालवणारे एम्युलेटर मिळतात, जे टू एम ई लोडर हे त्यातले एक. आणि त्यात घालायच्या ज्या फाइली इंटरनेटवर सापडतात त्यातल्या बहुतेक त्या मेमरी कार्डवाल्या दुकानांतून फिरत आलेल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी मला आमचा गेम असाच मिळाला. फाइलचे नाव कोणीतरी बदलले होते, सुरुवातीचे आमच्या कंपनीचे चिन्ह काढून तिथे स्वतःचे टोपणनाव टाकले होते, त्यामुळे फाइल आणखी दोन किलोबाइटने लहान झाली होती. बाकी सगळे जागच्या जागी होते. दोन षटके, गवताचा तोच एक चौकोन सगळीकडे, आणि अकराच्या अकरा उजव्या हाताने खेळणारे.